बरोबर कोण आहे?

एकतीस वर्षे मी शाळेत शिकवले, त्यांतली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून काढली. माझ्या सहीने हजारो मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निघाले. त्या दाखल्यांवर कोणी नोकऱ्या मिळवल्या, कोणी परदेशी गेले, आणि एकाही कचेरीत ‘ह्या सही करणाऱ्या बाईंच्या बरोबर कोण आहे?’ असे कोणी विचारले नाही. तो प्रश्न मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथम विचारला गेला: गेल्या माघात, रत्नागिरीत, सकाळी साडेसात वाजता, एका लॉजच्या टेबलासमोर.

विचारणारा पोरगा पंचविशीतला आणि तोंडाचा गोड होता. “मावशी, बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही.”

त्याला वाटले मला नीट ऐकू आले नाही. “म्हणजे मागून कोण येतंय?”

मी वळून मागे पाहिले. मागे माझा रिक्षावाला सुटे पैसे मोजत उभा होता. “कोणीच येत नाही,” मी म्हटले, “मी एकटीच आले आहे.”

त्यावर त्याने पुढ्यातली वही मिटली. वही मिटण्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. उशिरा येणाऱ्या मुलांसमोर मीच ती जन्मभर मिटत आले. “एकट्या माणसाला रूम देत नाही, मावशी. मालकांची ऑर्डर आहे.”

दुसऱ्या लॉजमध्ये विचारण्याचीही तसदी घ्यावी लागली नाही. भिंतीवर गणपतीच्या तसबिरीखाली चौकटीत लावलेली सूचनाच होती: ‘एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही.’ तसबिरीतले गजाननही तिथे एकटेच बसलेले होते, पण त्यांना बहुधा कायमची खोली मिळालेली असावी.

वाचकांपैकी काहींना वाटेल, बाईंनी आधी फोन करून जायचे. केला होता. फोनवर ‘या, रूम आहे’ म्हणाले, ‘किती जण?’ हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही, कारण एका माणसासाठी खोली मागणे ही सांगून ठेवण्याजोगी गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हते.

माझे घर घोरावाडीला. पुणे–लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना हे नाव पाटीपुरते माहीत असते. देहूरोड गेले, बेगडेवाडी गेली, की घोरावाडी येते, आणि तळेगावला उतरणारे उठून दारात गर्दी करतात. आमच्या स्टेशनावर मुद्दाम उतरावे असे पाहुण्यांना काही वाटत नाही. (एक गोष्ट आहे तशी, तिच्याकडे पुढे येते.) आईचे माहेर रत्नागिरीचे. मांडवीची काळी वाळू, भाट्याची खाडी, मिरकरवाड्याचे मचवे ही नावे मी अंगाईसारखी ऐकली होती, पण तिथे जाणे कधी झाले नाही. यजमान म्हणायचे, निवृत्त झालो की जाऊ. ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. समुद्र मी पाहिलाच नव्हता असे नव्हे. शाळेच्या सहलींबरोबर चांगला पाच-सहा वेळा पाहिला, चाळीस-चाळीस पोरे मोजत. पोरे मोजणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. त्याला फक्त चाळीस हा आकडा दिसतो, आणि तो एकोणचाळीस झाला की पोटात गोळा येतो.

म्हणून ह्या खेपेला एकटी निघाले. शिवरात्रीची आमच्या डोंगरावरची जत्रा उरकली, आणि एका संध्याकाळच्या लोकलने लोणावळा, तिथून मुंबईची गाडी धरून दादर, आणि मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस. २०१७ साली ह्या गाडीला केशवसुतांच्या कवितेचे नाव दिले. केशवसुत मालगुंडचे, म्हणजे रत्नागिरीच्या शेजारचेच. एका कवितेच्या नावाची गाडी रोज रात्री कोकणात धावते ह्याचा मराठीच्या शिक्षिकेला किती आनंद होतो हे इतरांना कळणार नाही. त्या गाडीत मला कोणी विचारले नाही की बरोबर कोण आहे. तिकीट तपासनिसाने तिकीट पाहिले, ओळखपत्र पाहिले, आणि तो पुढे गेला. रेल्वेच्या लेखी एक माणूस म्हणजे एक माणूस. उजाडता उजाडता रत्नागिरी आली. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, वेणी घालून, स्वच्छ पातळ नेसून मी गावात शिरले, आणि पुढचे आपण वाचलेच.

त्या दुसऱ्या लॉजच्या मॅनेजरने मला चहा दिला हे मात्र नमूद केले पाहिजे. भला माणूस होता. त्याने कारणही सांगितले. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ एकटेच आले, रात्री जेवून खोलीत गेले, आणि सकाळी त्यांनी दार उघडले नाही. पंचनामा झाला. ह्याला चार महिने जबाबासाठी बोलावणी येत होती. त्याच्या बायकोने देवाला नवस केला होता. “तेव्हापासून नियमच केला, बाई. आम्हाला कशाला ताप?”

ह्या माणसाचा ताप खोटा नव्हता, आणि मी त्याची थट्टा करणार नाही. पण त्या सकाळी चहा पिताना जे मला नीट बोलता आले नाही ते इथे बोलते. खचलेला माणूस दाराबाहेर ठेवला म्हणून तो सावरत नाही. तो फक्त आपल्या वहीत येत नाही, एवढेच. उलट, ज्याला चार दारांवरून ‘तू एकटा आहेस’ म्हणून परत पाठवले, त्याला आपण काय सांगितले? त्याच्या मनात जी भीती होती तिच्यावर आपण शिक्का मारून दिला. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या माणसाने जाता-येता दोन शब्द बोलावेत, सकाळी चहा घेऊन दार वाजवावे. एवढ्याने कदाचित एखादा जीव वाचेल, दार लावून घेतल्याने कोणाचा वाचल्याचे मी ऐकले नाही. आणि तंट्याबखेड्यांचेच म्हणाल, तर आठजण मिळून येतात, रात्रभर बाटल्या फोडतात, गच्चीवरून ओरडतात, सकाळी चादरी जळलेल्या सापडतात, त्यांना ‘ग्रुप’ म्हणून सवलतीच्या दरात खोल्या मिळतात. आमच्या लोणावळ्यात हे पावसाळ्यात दर शनिवारी पाहायला मिळते. उपद्रवाचा हिशेबच मांडायचा तर माणसे वाढतात तसा उपद्रव वाढतो. मग एकट्याचेच भय का?

खांद्याला पिशवी अडकवून मी गाव पाहायला निघाले. पिशवी जड नव्हती, पण दिवसभर खांद्यावर असलेली पिशवी माणसाला पाहुणा राहू देत नाही, फिरस्ता करते. टिळक आळीत टिळकांचे जन्मघर पाहिले. उतरत्या छपराचे, साधे, थंडगार. १८५६ साली ज्या घरात हा माणूस जन्मला तिथे अजून जमिनीचा गारवा पायाला लागतो. तिथून पतितपावन मंदिरात गेले. ते पाहायचेच होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर ह्यांनी पदरच्या पैशाने ते उभारले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि कल्पना त्यांची. जातीपातीचा विचार न करता सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावे म्हणून मुद्दाम बांधलेले हे देऊळ. मी पायरीवर बसले. ज्या गावाने नव्वद वर्षांपूर्वी एक दार मुद्दाम, भांडून, उघडे केले, त्या गावात मी सकाळपासून दोन दारांवरून परत आले होते. देवाने मला बरोबर कोण आहे हे विचारले नाही. पण देवळात रात्री झोपू देत नाहीत.

इथे एक गोष्ट आठवते, ती सांगताना मला संकोच होतो, कारण तिच्याशी माझ्या दुखण्याची बरोबरी करायला मी धजणार नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेला एक तरुण नोकरीसाठी बडोद्याला गेला. त्याला कोठेही खोली मिळेना, म्हणून त्याने पारशी नाव सांगून एका पारशी उतारशाळेत मुक्काम केला. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळच्या आत निघून जा म्हणाली. हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या संविधानात पंधरावे कलम आले: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले ह्यांत मज्जाव करता येणार नाही. हॉटेल हा शब्द त्या कलमात आहे, हे मी वर्गात शिकवताना दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पुष्कळांना तो तिथे किरकोळ वाटतो. ज्याच्या डोक्यावरून रात्रीचे छप्पर काढून घेतले गेले त्याला तो किरकोळ वाटणार नाही. आता कोणी वकील म्हणेल, बाई, त्या यादीत ‘एकटा’ हा शब्द नाही. नाही, खरे आहे. पण एकट्या पुरुषाला कधी नकार आणि कधी खोली, आणि एकट्या बाईला मात्र बहुतेक नकारच, असा अनुभव येऊ लागला की तो ‘एकटा’ शब्द ‘बाई’ ह्या शब्दाच्या किती जवळ सरकतो, हे त्याच वकिलाने मला सांगावे.

पुरुषांनाही नकार मिळतो हे दुपारी जेवताना कळले. खानावळीत चौघांच्या टेबलाशी मला एकटीला बसवताना वाढप्याचा जीव कासावीस झाला, म्हणून त्याने समोर एका तरुणाला आणून बसवले. सोलापूरकडचा मुलगा, जांभ्या दगडाचा अभ्यास करायला आलेला. पिशवीत दगडांचे तुकडे. तीन ठिकाणी नाही म्हणाल्यावर रात्र त्याने एसटी स्टँडवर काढली होती. “मावशी, आपण दोघे मिळून गेलो असतो तर मिळाली असती,” तो हसत म्हणाला. विनोद म्हणून ठीक आहे. ओल्या काजूची उसळ फार चांगली होती. सोलकढी त्याने तीन वेळा मागितली, मी दोन.

थिबा राजवाडा उन्हातच पाहिला. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला. हा लाल राजवाडा तयार होईपर्यंत दोन तपे लोटली, आणि त्यात जेमतेम पाच-सहा वर्षे राहून १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. एवढ्या खोल्या, एवढी लांबरुंद सज्जे, बरोबर राण्या, मुली, नोकरचाकर. बाहेर जायची मात्र मुभा नाही. टेकडीच्या कडेवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. तिथे उभी राहून मला राजाची कीव आली आणि स्वतःचे बरे वाटले, हे कबूल करते.

पाच वाजता मांडवीला गेले. आईने सांगितलेली काळी वाळू खरोखरच काळी आहे. वाळूत पिशवी ठेवली, पिशवीला टेकून बसले, आणि दोन तास कोणाला मोजले नाही. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याविषयी अधिक लिहिणार नाही. ते माझे माझ्यापाशी.

अंधार पडल्यावर तिसऱ्या लॉजची पायरी चढले. मालक नव्हता, मालकीण होती, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. मला हायसे वाटले, आणि तिथेच चुकले. तिने आधारकार्ड पाहिले, उलटसुलट केले आणि म्हणाली, “घरातल्या कोणाशी तरी बोलणं करून द्या.” मी लेकीला फोन लावला. माझी लेक डॉक्टर आहे. तिच्या शब्दावर माणसे ऑपरेशनला तयार होतात. मालकीणबाई तिच्याशी मिनिटभर बोलल्या आणि म्हणाल्या, “जावई नाहीत का घरात?” जावई होते. चौतिशीतला गुणी मुलगा आहे, दूध अजून उतू घालतो. तो म्हणाला, “हो, आमच्या सासूबाईच आहेत त्या, द्या त्यांना खोली.” किल्ली लगेच पुढे आली.

रात्री त्या बाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत आल्या आणि बोलत बसल्या. नवरा मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. १९८२च्या संपानंतर कायमचा परत आला. तोवर सासू, तीन मुले, दोन म्हशी, भातशेती, कज्जा, सगळे ह्यांनी एकटीने पाहिले. मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. मी म्हटले, “मग तुम्हाला तरी एकट्या बाईचं एवढं नवल का?”

त्यांनी थोडा विचार केला. “मी घरात एकटी होते, बाई. तुम्ही घराबाहेर.”

इतके नेमके उत्तर मला कोणी पंडित देऊ शकला नसता. सगळ्या कोकणात, आणि कोकणातच कशाला, आमच्या मावळातही, पिढ्यान्‌पिढ्या बायका एकट्या राहिल्या, आणि त्यांच्या एकटेपणावर घरे उभी राहिली. त्याला आपण सोशिकपणा म्हणतो, त्याच्यावर गाणी रचतो. तीच बाई पिशवी खांद्याला लावून उंबऱ्याबाहेर आली की तिला घरी विचारून खात्री करून घ्यावी लागते. सरकारलाही ही अडचण पडली असावी. बायकांनी पर्यटन करावे म्हणून राज्याने २०२३ साली एक धोरण आणले, चांगले आहे, आणि त्याला नाव दिले ‘आई’. म्हणजे प्रवासालासुद्धा बाईने कोणाची तरी आई होऊन जायचे! त्याच साली एसटीने बायकांना अर्धे तिकीट केले, आणि मी परत येताना त्या अर्ध्या तिकिटानेच पुण्याला आले. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण अर्ध्या तिकिटात पोचवायचे आणि पोचल्यावर दाराबाहेर उभे करायचे, ह्याला काय म्हणावे? लॉजवाल्यांनी ओळखपत्र घ्यावे, दोन दिवसांचे पैसे आगाऊ घ्यावेत, गरज पडली तर कळवायला एक नंबर लिहून घ्यावा. नंबर कोणाचा द्यायचा ते मात्र माझे मी ठरवीन. तो शेजारणीचा असेल, पुरुषाचाच असला पाहिजे असे नाही.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे येते. आमच्या घोरावाडीच्या डोंगरात लेणी आहेत. पुस्तकांत त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात, आम्ही घोरावडेश्वर म्हणतो, कारण त्यांतल्या मोठ्या लेण्यात आता महादेवाची पिंड आहे. तुकाराम महाराज एकांतासाठी ह्या डोंगरावर येऊन बसत असे सांगतात. त्यांनाही कोणी विचारले नसावे. तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरांत कोरलेला एक लेख आहे. त्याचा अर्थ असा लावतात, की धेनुकाकट गावी राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरकरी कुटुंबप्रमुखाची बायको सियगुतणिका हिने, आपला मुलगा नंद ह्याच्यासह, हे लेणे दान दिले. धेनुकाकट नेमके कोठले ह्यावर विद्वानांचे वाद आहेत. कोसंबींनी ते कार्ल्याजवळच धरले. त्याच कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याहून, म्हणजे समुद्रकाठच्या बंदरातून, आलेल्या भिक्षूचेही दान कोरलेले आहे. समुद्राकडून घाट चढून येणारी ही माणसे, पावसाचे महिने सोडले तर, फिरतच असायची. त्यांच्यासाठी कोरलेल्या खोल्या मी लहानपणापासून पाहते आहे. एक दार, एक दगडी ओटा, आणि त्या ओट्यावर एकच माणूस आडवा होईल एवढी जागा. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात एका नांगरकऱ्याच्या बायकोने अनोळखी फिरस्त्यांसाठी खडकात जागा करून ठेवली, ती एकेका माणसापुरती.

हे सगळे मी परतीच्या एसटीत मनाशी जुळवीत होते, वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहायचे म्हणून. घोरावाडीला पोचले, फाटकाशी आले, आणि फाटकावरची पाटी वाचली. गेली नऊ वर्षे ती तिथे आहे. मागच्या दोन खोल्या मी भाड्याने देते. चाकणच्या, तळेगावच्या कारखान्यांत येणारी मुले विचारायला येतात. पाटी माझ्याच वळणदार अक्षरात आहे: ‘भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.’ किती मुलांना मी ह्या फाटकावरून परत पाठवले असेल! एक मुलगी तर दिवाळीच्या आधी दोन दिवस, बॅग हातात घेऊन आली होती. बोलणे नीटस, नोकरीचे पत्र दाखवत होती. मी तिला विचारले होते, “बरोबर कोण आहे?” अगदी ह्याच शब्दांत.

पत्र मी लिहिले नाही. पाटी उतरवली. तिच्यातला खालचा शब्द खोडून भागेना, रंग जुना झाला होता, म्हणून नवी करायला टाकली. ती येण्याआधीच एक मुलगी विचारत आली, लातूरकडची, एका कारखान्यात तपासणीच्या कामावर. एकटीच. ओळखपत्र घेतले, दोन महिन्यांचे आगाऊ घेतले, नंबर तिने मैत्रिणीचा दिला. राहते आहे. भाडे पाच तारखेला न चुकता देते. रात्रपाळीहून आली की नळ मात्र उघडा ठेवून झोपते, आणि टाकी रिकामी होते. त्यावरून आमचे दोनदा वाजले आहे.